तुपाचा डबा घेऊन कोर्टात जाता येत नाही

खानापूर तालुक्यातल्या एका कुटुंबाचा प्रश्न आहे. घरच्या कार्यासाठी त्यांनी बेळगावातल्या एका दुकानातून चार किलो सुटं ‘गावठी तूप’ घेतलं. पुरणपोळीवर वाढताना डालड्याचा वास आला आणि त्याच रात्री सहा वर्षांच्या पुतण्याला उलट्या सुरू झाल्या. दुकानदार म्हणतो, मागून आलं तसं दिलं. पक्की पावती नाही. पोलिसांनी ‘हे आमच्याकडं येत नाही’ म्हणून परत पाठवलं. दीड किलो तूप अजून घरात आहे. कन्नड लिहिता येत नाही. दुकानदारावर खटला भरून त्याला आत घालायचं, तर कुठून सुरुवात करायची?

त्या दीड किलो तुपापासून करायची नाही, हे आधी सांगतो. मी या जिल्ह्यात एकतीस वर्षं हेच काम केलं. जुन्या १९५४ च्या भेसळ प्रतिबंधक कायद्याखाली फूड इन्स्पेक्टर म्हणून, आणि ५ ऑगस्ट २०११ पासून अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ लागू झाल्यावर अन्न सुरक्षा अधिकारी म्हणून. एवढ्या वर्षांत डबा, पिशवी, अर्धवट खाल्लेला पेढा घेऊन माणसं ऑफिसात यायची आणि प्रत्येकाची समजूत हीच असायची, की पुरावा हातात आहे, आता फक्त साहेबांनी खटला भरायचा. तुमचा डबा उघडलेला आहे. त्यात घरचा चमचा गेलाय, दोन दिवस तो स्वयंपाकघरात होता. दुकानदाराचा वकील उभा राहून एकच विचारणार: ‘यात डालडा तुम्हीच घातला नाही कशावरून?’ तुम्ही खरं बोलताय हे मला कळतं, न्यायाधीशालाही कदाचित कळेल, पण त्यावर शिक्षा होत नाही. तूप टाकून देऊ नका. अधिकाऱ्याला वास दाखवायला, संशय पटवायला ते उपयोगी आहे. एवढाच त्याचा उपयोग.

हा खटला उभा राहतो तो अधिकाऱ्यानं दुकानाच्या काउंटरवर, पंचांसमोर, दुकानदाराच्या सहीनं घेतलेल्या नमुन्यावर. दीड-दोन वर्षांनी कोर्टात तारीख लागते तेव्हा दुकान हललेलं असतं, पंचाला काही आठवत नसतं, तुमचा रागही निवलेला असतो. तेव्हा टेबलावर उरतात त्या लाखेच्या ठशांच्या बाटल्या आणि चार कागद. ते नीट असतील तर केस आहे. म्हणून सगळा जोर त्या पहिल्या अर्ध्या तासावर हवा.

पोलिसांनी परत पाठवलं याचा राग धरू नका, या वेळी ते बरोबर होते. पूर्वी भेसळीत सर्रास दंडसंहितेची कलमं, २७२ आणि २७३, लावून गुन्हा नोंदवायचे. २१ फेब्रुवारी २०२४ रोजी राम नाथ विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की जिथं अन्न सुरक्षा कायद्याचं कलम ५९ लागतं तिथं दंडसंहितेची ही कलमं चालणार नाहीत. विशेष कायदा वरचढ. म्हणजे तुमचा रस्ता पोलीस ठाण्यातून जात नाही. तो जिल्ह्याच्या पदनिर्देशित अधिकाऱ्याकडून, म्हणजे या कायद्याखालच्या जिल्ह्यातल्या मुख्य अधिकाऱ्याकडून जातो. आपल्याकडच्या फायलींत त्याला कन्नडमध्ये ‘अंकिताधिकारी’ म्हणतात. चौकशीला गेलात तर हाच शब्द वापरा, दारावरच्या शिपायाला लगेच कळतो.

आता ‘आत घालायचं’ याबद्दल. लोकांना वाटतं भेसळ म्हणजे तुरुंग. कायद्यात तसं सरसकट नाही. प्रयोगशाळेचा अहवाल तुमच्या मालाला तीनपैकी एखादा शिक्का मारतो. असुरक्षित, निकृष्ट किंवा चुकीच्या लेबलाचा. ऑफिसात आम्ही अनसेफ, सबस्टँडर्ड, मिसब्रँडेड असंच बोलायचो. तुरुंग फक्त पहिल्याला आहे. असुरक्षित अन्न म्हणजे आरोग्याला अपाय होईल इतपत बिघडवलेलं अन्न. कुणाला इजा झाली नसली तर शिक्षा मूळ कायद्यात ६ महिन्यांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड होती, २०२३ च्या जनविश्वास कायद्यानं ती ३ महिने आणि ३ लाख केली. किरकोळ इजा झाली तर १ वर्षापर्यंत, गंभीर इजा झाली तर ६ वर्षांपर्यंत, आणि मृत्यू झाला तर किमान ७ वर्षं ते जन्मठेप, सोबत किमान १० लाख दंड. निकृष्ट मालाला मात्र कैद नाहीच. कलम ५१ खाली ५ लाखांपर्यंत दंड, आणि तोही कोर्टात नव्हे तर न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढं, म्हणजे अपर जिल्हाधिकाऱ्यांकडं. लेबल चुकीचं असेल तर ३ लाखांपर्यंत.

तुमचं तूप कुठं बसेल? मला विचाराल तर बहुतेक निकृष्टमध्ये. डालडा किंवा पामतेल मिसळलेलं तूप ही उघड फसवणूक आहे, पण डालडा आणि पामतेल ही दोन्ही खाण्याचीच वस्तू म्हणून कायद्यानं विकली जातात. ‘स्वस्त पदार्थाची मिसळ’ असा उल्लेख असुरक्षितच्या व्याख्येतही आहे, पण व्याख्येचं मूळ वाक्य आरोग्याला अपाय हेच आहे. प्रयोगशाळेनं अपाय होतो असं कारण देऊन लिहिलं नाही, तर नुसत्या मिसळीवर कुणी जेलमध्ये जात नाही. हळदीत मेटॅनिल यलो सापडला तर गोष्ट वेगळी, तो खाण्याचा रंगच नाही. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारनं गोबी मंचुरियनमधले कृत्रिम रंग आणि कॉटन कँडीतला रोडामिन-बी बंद केला, जूनमध्ये कबाबांचे रंग. तिथं अहवालात रंगाचं नाव आलं की अनसेफ लिहायला अडचण उरत नाही. गल्लीच्या तोंडावर लालभडक गोबी विकणाऱ्या पोरावर कैदेची केस सहज होते आणि लाखो रुपयांचं खोटं तूप विकणारा दंड भरून सुटतो. मला हे कधी पटलं नाही, पण कायदा असा आहे.

तुपाची तपासणी कशी होते ते थोडं सांगतो, कारण बचाव तिथंच केला जातो. दुधाच्या स्निग्धांशात ब्युटिरिक आम्लासारखी उडून जाणारी आम्लं असतात; पामतेलात वा डालड्यात ती नसल्यात जमा. ती मोजून जो आकडा येतो त्याला रायचर्ट-मायस्ल मूल्य म्हणतात, प्रयोगशाळेत नुसतं ‘आरएम’. शुद्ध तुपाला ते नियमानं ठरवलेल्या किमान आकड्याइतकं तरी लागतं. तेल मिसळलं की हा आकडा खाली येतो. दुसरी बॉडोइन चाचणी. वनस्पती तुपात तिळाचं तेल घालायची सक्ती आहे ती याचसाठी, म्हणजे कुणी ते तुपात मिसळलं तर रंग येऊन उघडं पडावं. आता हुशार लोक डालडा सोडून पामतेल वापरतात, त्यात तीळ नसतो, म्हणून ही चाचणी कोरी येते. मग वनस्पतीजन्य स्टेरॉल, म्हणजे वनस्पती तेलातच असणारी द्रव्यं, शोधावी लागतात. अधिकाऱ्यानं प्रयोगशाळेला पाठवलेल्या पत्रात फक्त ‘तूप’ लिहिण्याऐवजी संशय कशाचा आहे तेही लिहिलं तर तपासणाऱ्याला दिशा मिळते.

आणि आपल्या भागातला खास बचाव: ‘साहेब, आमच्याकडं म्हशी सरकी खातात.’ यात तथ्य आहे. सरकीची पेंड भरपूर खाणाऱ्या जनावराच्या तुपाचा आरएम मुळातच कमी येतो. म्हणून जुन्या नियमांत कपाशीच्या पट्ट्याला वेगळी मर्यादा होती. बैलहोंगल, सौंदत्तीकडचा कापसाचा भाग आपल्याच जिल्ह्यात आहे, त्यामुळं वकील हा मुद्दा हमखास काढतो. पण सरकी खाल्ल्यानं तुपात पामतेलाचे स्टेरॉल येत नाहीत. एकाच आकड्यावर उभी केलेली केस सरकीवर पडते, दोन-तीन चाचण्यांवर उभी केलेली टिकते.

आता तो अर्धा तास. समजा तुमच्या तक्रारीवरून अधिकारी दुकानात गेला. ओळखपत्र दाखवलं, तूप कुठल्या डब्यातून विकता ते विचारलं. पहिला प्रतिसाद ठरलेला असतो: ‘काय करूलाय हो साहेब, सणाचं गिऱ्हाईक हाय दारात.’ अधिकारी ‘फॉर्म पाच-अ’मधली नोटीस देतो: हा माल तपासणीसाठी घेतोय, त्याचे चार भाग होतील, तुम्हाला हवं असेल तर चौथा भाग तुमच्या खर्चानं मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवता येईल. मालाची किंमत रोख देतो आणि पावती घेतो. नमुना फुकट उचलला तर ती चूक. मग पंच बोलवायचा. शेजारचा दुकानदार येत नाही. त्याला उद्या त्याच गल्लीत बसायचंय. रविवार पेठेत मी एकदा पंचासाठी सात दुकानं फिरलो, शेवटी माल उतरवणारा एक हमाल उभा राहिला आणि तोच कोर्टात सगळ्यात ठाम बोलला.

तूप घ्यायची रीत महत्त्वाची. डिसेंबरात बेळगावच्या थंडीत पत्र्याच्या डब्यात रवा खाली बसतो आणि पातळ भाग वर तरंगतो. वरच्या पातळाचे आकडे वेगळे, खालच्या रव्याचे वेगळे. सगळा डबा एकजीव केल्याशिवाय बाटली भरायची नाही, आणि एकजीव केला हे पंचनाम्यात लिहायचं. मग चार कोरड्या स्वच्छ बाटल्या, चारही भाग सारखे. प्रत्येक बाटलीला घट्ट बूच, वरून जाड कागद, कागदाची टोकं दुमडून डिंकानं चिकटवलेली. त्यावर अंकिताधिकाऱ्याची सही आणि कोड नंबर असलेली पट्टी, तळापासून वरपर्यंत पूर्ण फिरवून. दुकानदाराची सही अशी घ्यायची की अर्धी पट्टीवर आणि अर्धी कागदावर पडेल, म्हणजे पट्टी काढली तर सही जुळणार नाही. त्यावर आडवा-उभा दोरा आणि गाठींवर लाख. लाखेचे निदान चार स्पष्ट ठसे: एक वर, एक खाली, दोन अंगावर. मेणबत्ती वाऱ्यानं विझते, लाख बोटावर पडते, दुकानदाराचा मुलगा मोबाइलवर शूटिंग करत असतो. या गडबडीत एक ठसा पुसट आला तरी पुढं तो कोर्टात भिंगाखाली येतो.

एक बाटली प्रयोगशाळेतल्या अन्न विश्लेषकाकडं, दोन अंकिताधिकाऱ्याकडं, चौथीबद्दल वर सांगितलं. पहिली बाटली फार तर पुढच्या कामाच्या दिवशी निघायला हवी, आणि वापरलेल्या सीलचा नमुना-ठसा वेगळ्या पाकिटातून. विश्लेषक दोन्ही ठसे जुळवूनच बाटली फोडतो. विभागीय अन्न प्रयोगशाळा बेळगावातच आहे, ही आपली सोय.

माझी स्वतःची फजिती सांगतो. नोकरीची पहिली काही वर्षं होती. पहाटे साडेपाचला गावाकडून येणाऱ्या एका दूधवाल्याची कॅन थांबवली. दूध घेतलं, तीन भाग केले, जुन्या कायद्यात तीनच असायचे, फॉर्मेलिन घातलं, २५ मिलिलिटरमागं २ थेंब या हिशोबानं, सील केलं. अहवाल आला: पाणी. आकडे इतके स्पष्ट होते की मी निर्धास्त झालो. केस नऊ वर्षं चालली. उलटतपासणीत वकिलानं विचारलं, ‘कॅनमधलं दूध ढवळलं होतं का?’ मी म्हणालो, ‘हो.’ ‘कशानं?’ ‘मापानं.’ ‘पंचनाम्यात दाखवा.’ पंचनाम्यात नव्हतं. ढवळलं होतं, शपथेवर सांगतो, पण लिहिलं नव्हतं. साय वर आलेल्या कॅनमधून न ढवळता घेतलेलं दूध त्या दुधाचा प्रातिनिधिक नमुना नाही, असं म्हणून आरोपी सुटला. बाहेर आल्यावर तो दूधवाला माझ्याकडं बघून म्हणाला, ‘साहेब, चहा घेऊया की.’ घेतला. त्या दिवसापासून मी पंचनाम्यात ‘मापानं दहा वेळा खालवर करून एकजीव केलं’ अशी ओळ लिहायला लागलो, आणि नव्या पोरांना तीच ओळ पहिल्यांदा शिकवली.

दुकानदार म्हणतो, मागून आलं तसं दिलं. हे त्याचं पळवाट म्हणून वाक्य असेल, किंवा खरंही असेल. कायदा विक्रेत्याला कधी पकडतो ते कलम २७ मध्ये स्पष्ट आहे: मुदत संपलेला माल विकला, घाणीत ठेवला, चुकीच्या लेबलाचा विकला, माल कुणाकडून आला ते सांगता येत नाही, किंवा असुरक्षित आहे हे माहीत असून घेतला. यातला चौथा मुद्दा तुमच्या दुकानदाराच्या गळ्याशी येणार. मागच्या व्यापाऱ्यानं माल देताना लेखी हमी द्यायची असते, आणि पक्कं बिल हीच हमी धरली जाते. तुम्हाला पावती दिली नाही तो माणूस स्वतः पावती घेत असेल अशी शक्यता कमी. बिल नसेल तर ‘मागून आलं’ याला मागचं टोकच राहत नाही, सगळं त्याच्यावर थांबतं. ‘मला शुद्धच वाटलं होतं’ हाही बचाव होत नाही. कलम ८० नुसता प्रामाणिक गैरसमज मान्य करत नाही, योग्य ती सगळी काळजी घेतली होती हे दाखवावं लागतं.

याच्या उलट एक प्रकार. एका छोट्या किराणा दुकानात हळद पावडरीचं सीलबंद पाकीट उचललं, अहवालात अनुमती नसलेला रंग. दुकानदार, साठीतला माणूस, थरथरत ऑफिसात आला. पण त्याच्या वहीत त्या बॅचचं बिल होतं, तारीख-नंबरासहित, खिळ्याला टोचून ठेवलेल्या गठ्ठ्यातलं. त्या बिलावरून आम्ही वितरकाकडं आणि तिथून पॅकरकडं पोचलो. तो दुकानदार आरोपीच्या पिंजऱ्याऐवजी सरकारी साक्षीदार म्हणून उभा राहिला. माझं मत स्पष्ट आहे: नुसत्या किरकोळ दुकानदारावर संपणारी केस अर्धी केस असते. पण जो बिल ठेवत नाही, त्यानं ती स्वतःवर ओढून घेतलेली असते. मसाल्याची पूड सुटी विकणं आणि सामान्यतः सुटं खाद्यतेल विकणंही नियमानं बंद आहे, तरी आठवडी बाजारात दोन्ही मिळतं. घेणारे आपणच असतो, हेही जाता जाता.

आपला भाग सीमेचा, त्यामुळं मागचं टोक अनेकदा राज्याबाहेर निघतं. मूळ डबा पाहायला मिळाला तर त्यावरचा चौदा आकडी परवाना क्रमांक वाचा. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर छोट्या व्यावसायिकाची नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे: १२ कर्नाटक, १५ महाराष्ट्र. म्हणजे ११५ नं सुरू होणारा डबा कागल-कोल्हापूरकडून आला असू शकतो. कोगनोळीचा नाका ओलांडून आपल्या अधिकाऱ्याला नमुना घेता येत नाही, तिथं महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाला कळवावं लागतं. पण विक्री इथं झाली, नमुना इथं घेतला, म्हणून तिकडच्या उत्पादकाला इथल्या केसमध्ये आरोपी करता येतं. कायदा केंद्राचा आहे, दोन्हीकडं तोच. पत्रं मात्र दोन राज्यांच्या दोन भाषांत फिरतात आणि तिथं महिने जातात, हे मी पाहिलंय.

मुदतींचं भान ठेवा. विश्लेषकानं १४ दिवसांत अहवाल द्यायचा. तो दुकानदाराला मान्य नसेल तर ३० दिवसांत अंकिताधिकाऱ्याकडं अपील, आणि मग दुसरी बाटली रेफरल, म्हणजे फेरतपासणीच्या प्रयोगशाळेत. म्हैसूरची सीएफटीआरआय, म्हणजे केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था, ही त्यातली एक. तिचा निकाल अंतिम. अहवाल असुरक्षितचा असेल तर खटल्याच्या मंजुरीसाठी प्रस्ताव बंगळुरूला अन्न सुरक्षा आयुक्तांकडं जातो. मंजुरी आल्यावरच केस दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात. निकृष्टचा असेल तर अपर जिल्हाधिकाऱ्यांपुढं, त्यांनी पहिल्या सुनावणीपासून ९० दिवसांत निकाल द्यायचा. त्यावर अपील न्यायाधिकरणात, तिथून उच्च न्यायालयाच्या धारवाड पीठाकडं. कोर्टाला दखल घ्यायला गुन्ह्याच्या तारखेपासून एकच वर्ष असतं, आयुक्तांनी लेखी कारणं देऊन वाढवलं तर तीन. फाईल टेबलावर पडून वर्ष उलटलं, की शुद्ध विषाची केससुद्धा मेली. म्हणून तक्रार दिल्यावर दर महिन्याला जाऊन ‘फाईल कुठं आहे’ एवढं विचारा. भांडू नका, विचारा.

अधिकारी आलाच नाही तर? कलम ४० खाली ग्राहकाला स्वतः माल विश्लेषकाकडून तपासून घेता येतो. अट एकच, आणि ती बहुतेकांना माहीत नसते: विकत घेताना दुकानदाराला तिथंच सांगायचं, की मी हे तपासणीला देणार आहे. तुम्ही चार किलो घेताना हे सांगितलं नव्हतं, म्हणून ते तूप या कलमात बसत नाही. पुन्हा जाऊन त्याच डब्यातलं अर्धा किलो घ्या, सोबत दोन माणसं न्या, सांगून घ्या, पक्की पावती मागा. सांगितल्यावर त्यानं विकायला नकार दिला तर तेही तक्रारीत लिहा, दोन साक्षीदारांसह. फी भरावी लागते. अहवाल दुकानदाराच्या विरुद्ध आला तर ती परत मिळते, आणि विश्लेषक तो अहवाल अंकिताधिकाऱ्याकडं पाठवतो. पण दुकानदार शहाणा असेल तर तुमच्या पहिल्या भांडणानंतरच तो डबा त्यानं हलवला असेल. म्हणून पुढच्या वेळी आधी दुकानात जाऊन ओरडू नका, आधी तक्रार द्या.

पुतण्याबद्दल. डॉक्टरांचा कागद जपून ठेवा, त्यावर ‘काय खाल्लं, किती वेळानं उलट्या’ हे लिहिलंय का बघा. कार्यात इतर कुणाला त्रास झाला का, हाही प्रश्न येणार. पन्नास जण जेवले आणि एकाच मुलाला उलट्या झाल्या, तर तुपाशी संबंध जोडणं अवघड, तुम्हालाही हे मनात ठेवायला हवं. इजा सिद्ध झाली तर कलम ६५ खाली १ लाखापर्यंत, गंभीर असेल तर ३ लाखांपर्यंत भरपाई मिळू शकते. एरवी दंड सरकारजमा होतो, तुमच्या हातात काही येत नाही. तूप खोटं निघाल्याचे पैसे आणि मनस्ताप यासाठी बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात वेगळा अर्ज करा. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही.

भाषेचं. तक्रार मराठीत द्या. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० प्रमाणं राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं. तरीही सोबत कन्नड किंवा इंग्रजी प्रत जोडा. हक्क म्हणून नव्हे, कारकुनाच्या हातून फाईल लवकर पुढं सरकावी म्हणून. दुकानातला पंचनामा कन्नडमध्येच होईल. तुमचा माणूस पंच म्हणून उभा राहिला तर त्यानं सही करण्याआधी तो मोठ्यानं वाचून घ्यावा, समजला नाही तर मराठीत समजावून घ्यावा, आणि मगच मराठीत सही करावी. न वाचता सही केलेला पंच उलटतपासणीत पहिल्या पाच मिनिटांत फुटतो.

तक्रारीत लिहायचं ते एवढं: दुकानाच्या पाटीवरचं नाव आणि शक्य असेल तर नोंदणीच्या कागदावरचं नाव, ही दोन बहुतेकदा वेगळी असतात. गल्ली आणि समोरची खूण. खरेदीची तारीख-वेळ, किती तूप, काय भाव, पैसे कसे दिले. फोनवरून पैसे दिले असतील तर तो मेसेज हीच तुमची पावती. कुठल्या डब्यातून काढून दिलं, डबा कुठं ठेवलेला होता. वास आला कधी, कुणाकुणाला. दुकानदाराचं उत्तर त्याच्याच शब्दांत. ‘भेसळसम्राट’, ‘समाजकंटक’ असले शब्द नकोत, ते वाचून अधिकारी कंटाळतो आणि वकील खूश होतो. दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या. ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ ॲपवरही तीच तक्रार टाका आणि तिथला नंबर कागदावर लिहून ठेवा. अधिकारी फिरतीवर नसेल असा दिवस शिपायाला विचारून मगच या, खानापूरहून फुकट खेप नको.